जुन्या कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुतार, ॲल्युमिनियम खिडक्या बसवणारे, पीओपीवाले, इलेक्ट्रिशियन आणि रविवारी घरातच खाटखूट करणारे हौशी लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जुनी मशीन बहुतेक १२, १४.४ किंवा १८ व्होल्टची निकेल-कॅडमियमवाली असतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. लिथियमचं प्रश्न ११ पासून पुढे.

१. चार्जरचा हिरवा दिवा लागतो, पण चार स्क्रू मारले की मशीन बसतं. बॅटरीच गेली का?

बहुधा हो. सेल थकला की त्याचा आतला रोध वाढतो. चार्ज करताना व्होल्टेज भराभर चढतं, सेल तापतो आणि चार्जर समजतो की पोट भरलं. प्रत्यक्षात आत फारसं काही गेलेलंच नसतं.

तरी पॅक फोडण्याआधी मशीन तपासा. दुसरा पॅक लावल्यावरही तेच होत असेल, मोटरच्या झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसत असतील किंवा मशीन धक्के देत फिरत असेल, तर कार्बन ब्रश किंवा ट्रिगरचा स्विच बघा. पावसाळ्यानंतर पितळी कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढतो, तो पेन्सिलच्या खोडरबरानेही निघतो. तेवढ्यावर सुटलेली मशीन कमी नाहीत.

२. माझ्या पॅकमध्ये किती सेल आणि कोणत्या मापाचे?

निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा. पॅकवरच्या व्होल्टेजला १.२ ने भागा: ९.६ व्होल्टला ८, १२ ला १०, १४.४ ला १२, १८ ला १५.

माप बहुतेक वेळा ‘सब-सी’: व्यास २२ ते २३ मिलिमीटर, लांबी ४२ ते ४३. काही पॅकमध्ये, विशेषतः मुठीत शिरणाऱ्या दांड्यात, ३३ मिलिमीटरच्या आसपासचे आखूड सेल असतात. पॅक उघडून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्निअर मिळेल.

३. कोणता सेल मेलाय हे मल्टीमीटरने कळतं का?

नुसत्या मल्टीमीटरने नाही. रिकामा बसलेला मेलेला सेलसुद्धा १.२५ व्होल्ट दाखवून फसवतो. लोड द्यावा लागतो.

सोपा लोड म्हणजे मोटारसायकलचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब. तो सुमारे ३ अँपिअर ओढतो. १८ व्होल्टच्या पॅकला असे दोन बल्ब एकापुढे एक जोडा. पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर थंड होऊ द्या, बल्ब लावा आणि दर दोन मिनिटांनी प्रत्येक सेलवर मीटरच्या सुया टेकवा. चांगला सेल बराच वेळ १.१५ ते १.२ वर टिकतो. थकलेला पाच मिनिटांतच १ च्या खाली येतो. कधी मीटरवर उणे चिन्ह दिसतं: तो सेल उलटा चार्ज होतोय, बाकीचे नऊ त्याला दामटून नेतायत. तिथेच बल्ब काढा.

१.५ अँपिअर-अवरचा (एएच, म्हणजे क्षमतेचं माप) निरोगी पॅक या बल्बवर पंचवीस मिनिटं तरी चालावा. बल्ब खूप तापतो, लाकडी टेबलावर आडवा ठेवू नका.

४. मग तेवढा मेलेला सेल बदलला की झालं का?

पैसे वाचतात, काम वाचत नाही. नवा सेल २ अँपिअर-अवरचा आणि शेजारचे नऊ थकून ०.७ वर आलेले, तर पॅक ०.७ चाच राहतो. शिवाय त्या नऊपैकी पुढचा दोन महिन्यांत जातो आणि पुन्हा सगळं फोडायचं. सगळे सेल एकदम, एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घाला.

एकच अपवाद: पॅक वर्षाच्या आतला आहे, लोडवर बाकी सगळे सेल एकमेकांच्या ०.०३ व्होल्टच्या आत आहेत, आणि एकच सेल वेल्ड सुटल्यामुळे किंवा गळतीमुळे गेलाय.

५. पॅक उघडायचा कसा? स्क्रूच दिसत नाहीत.

कंपनीचं लेबल नखाने दाबून बघा, खड्डा लागला तर स्क्रू तिथे आहे. बऱ्याचदा तो सहा पाकळ्यांचा आणि मध्ये टोक असलेला असतो. त्याला मध्ये भोक असलेला स्टार बिट लागतो.

स्क्रू नसतील तर पॅक डिंकाने किंवा अल्ट्रासॉनिकने चिकटवलेला आहे. शिवण वर करून लाकडावर धरा आणि प्लॅस्टिकच्या हातोडीने शिवणीच्या कडेकडेने टक-टक मारत फिरा. एक बाजू सुटली की पातळ पट्टी सरकवा. चाकू खुपसून उचकटू नका. पातं सेलच्या आवरणातून गेलं की शॉर्ट होतो, आणि हा शॉर्ट पातं लाल करू शकतो. त्याआधी अंगठी, घड्याळ आणि कडं उतरवून ठेवा.

आत सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसली तर ते गळलेलं अल्कली आहे. हातमोजे घाला, व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, मग पाण्याने. सेल जोडणारी एकही पट्टी तोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. आपल्याला लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं.

६. नवे सेल घेताना फसवणूक कशी टाळायची?

वजन करा, सोनाराकडच्यासारखा छोटा काटा पुरतो. चांगला सब-सी ४५ ते ६० ग्रॅम भरतो. पस्तीसचा निघाला तर आत माल कमी आहे. १८६५० मापाचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) खरा लिथियम सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. त्यावर ‘५०००’ किंवा ‘९८०० एमएएच’ (अँपिअर-अवरचा हजारावा हिस्सा) छापलं असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या, त्या मापात एवढी क्षमता कुणालाच बसवता आलेली नाही.

निकेलचे सेल घेताना ‘टॅबवाले’ मागा, म्हणजे दोन्ही टोकांना निकेलची पट्टी आधीच वेल्ड केलेली असते (कारण प्रश्न ८ मध्ये). क्षमतेमागे धावू नका. ड्रिलला करंट लागतो, आणि खऱ्या १५०० चा दमदार सेल छापील ३००० च्या मरतुकड्या सेलपेक्षा बरा.

७. निकेल-कॅडमियमच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड चालतात का?

मशीनला चालतात, व्होल्टेज तेच. प्रश्न चार्जरचा आहे, आणि लोक नेमका तोच विचारत नाहीत.

तुमचा चार्जर भिंतीतला साधा ॲडॉप्टर असेल, वर ‘४०० एमए’ असं काही लिहिलं असेल आणि आपोआप बंद होत नसेल, तर सेल कुठलाही घाला, वेळ तुम्ही मोजायचा. हिशोब असा: क्षमता गुणिले १.४ भागिले करंट. २००० चा सेल आणि ४०० चा चार्जर असेल तर ७ तास. मोबाईलवर गजर लावा. रात्रभर लावून ठेवणं हेच अशा पॅकच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण आहे.

तासाभरात भरणारा फास्ट चार्जर असेल तर जपून. सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित उतरतं आणि चार्जर ते ओळखून थांबतो. कॅडमियमचा उतार ठळक असतो, हायड्राइडचा निम्मा किंवा त्याहून कमी. फक्त कॅडमियमसाठी बनलेल्या चार्जरच्या तो नजरेतून सुटतो आणि सेल शिजत राहतात. चार्जरवर दोन्ही प्रकारांची नावं असतील तर निर्धास्त घ्या. नसतील तर पहिल्या तीन चार्जिंगना शेजारी बसा. पॅक हातात धरवेनासा झाला आणि चार्जर थांबलेला नाही, तर ती जोडी जमणार नाही, पुन्हा कॅडमियमच आणा.

८. स्पॉट वेल्डर (सेलवर पट्टी ठिपक्यांनी वेल्ड करणारं यंत्र) नाही. सोल्डर मारू का?

थेट सेलवर मारू नका. झाकणाखाली प्लॅस्टिकची सील आणि आत पातळ पडदा असतो, दोन्ही उष्णतेने जातात. सेल त्या दिवशी चालतो आणि सहा महिन्यांत गळतो, मग दोष सेलला दिला जातो. लिथियमवर तर आयर्न टेकवायचंच नाही.

टॅबवाले सेल घेतले असतील तर टॅबला टॅब सोल्डर करा. ६० वॅटचं आयर्न, रुंद टोक, टॅब आधी पॉलिश पेपरने घासून कथिल चढवलेला, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपलेलं.

पट्टीच लावायची असेल तर शिवाजी उद्यमनगरात किंवा शहरात जिथे ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधतात तिथे जा, त्यांच्याकडे स्पॉट वेल्डर असतोच. ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद शुद्ध निकेल मागा आणि ड्रिलसाठी दुहेरी थर लावायला सांगा. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही त्याच भावात खपवली जाते. तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला की सकाळी गंज सांगतो.

वेल्ड बघायचा असेल तर एका फालतू सेलवर पट्टी वेल्ड करून पक्कडीने ओढून काढा. पट्टी फाटून तिचे चार ठिपके सेललाच चिकटलेले राहिले तर वेल्ड पक्का. पट्टी अख्खी निघून आली आणि खाली नुसते करपलेले डाग असतील, तर करंट वाढवायला सांगा.

९. सेल जोडताना लोक सर्वात जास्त कुठे चुकतात?

अधिकच्या (प्लसच्या) टोकाशी. सेलचा पूर्ण डबा, वरच्या कडेपर्यंत, उणे असतो. अधिकचं बटण आणि ती कड यांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर अंतर. तिथे कागदी रिंग नसेल तर पट्टी कडेला टेकते, ड्रिलच्या कंपनाने आवरण घासून निघतं आणि एक दिवस धूर येतो. प्रत्येक सेलला नवी फिश पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) रिंग लावा, जुनी करपलेली वापरू नका.

जोडल्यावर झाकण लावण्याआधी एकूण व्होल्टेज मोजा. दहा सेलचा पॅक १२ च्या जागी साडेनऊच्या आसपास दाखवतोय म्हणजे एक सेल उलटा बसलाय.

पहिलं चार्जिंग सावकाश: क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने १४ ते १६ तास. २००० च्या सेलला ०.२ अँपिअर. बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) असेल तर दहा सेलना व्होल्टेजची मर्यादा १७ ठेवा आणि करंट ०.२ ला बांधा. यात मागे राहिलेले सेल पुढच्यांना गाठतात. थेट फास्ट चार्जरवर टाकलं तर विषमता पहिल्या दिवसापासून पॅकमध्ये मुरते.

१०. सेलच्या मध्ये दोन पायांचा छोटा तुकडा चिकटवलेला होता, तो तुटला. त्याशिवाय चालेल?

नाही. तो दोहोंपैकी एक असतो. तापमान मोजणारा थर्मिस्टर असेल तर मीटरवर ठरावीक रोध दाखवतो, बऱ्याच पॅकमध्ये २५ अंशांना १० किलोओहम, आणि चिमटीत धरला की आकडा उतरतो. थर्मल कटऑफ (जास्त तापलं की सर्किट तोडणारा) असेल तर रोध जवळजवळ शून्य. तसाच नवा आणा, मधल्या सेलच्या पोटाला घट्ट टेकवा, वर कॅप्टन टेप (उष्णता सोसणारी). जागेवर साधा रेझिस्टर लावून चार्जरला गंडवण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्या दुकानात चार्ज होणार असेल तर ऐका, आपल्या घरात नको.

११. एवढं करतोच आहे, तर सरळ लिथियम बसवू का?

व्होल्टेजनुसार उत्तर बदलतं. निकेलचा सेल चार्जरवरून उतरल्यावर १.४ च्या आसपास असतो, लिथियमचा भरलेला सेल ४.२ ला. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये निकेल १५ गुणिले १.४ म्हणजे २१, आणि लिथियम पाच सेल म्हणजेही २१. १४.४ ला चार सेल, तेही १६.८ ला १६.८ असे नेमके जुळतात. ही दोन मशीन आनंदाने करा.

१२ व्होल्टला तीन सेल १२.६ देतात, निकेल १४ देत होतं, म्हणजे जोर थोडा कमी. चार सेल घातले तर १६.८, त्यात स्विच आणि मोटर तापतात. तीनवरच थांबा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल १२.८ ला अगदी बरोबर बसतात, पण जास्त करंटचे त्यातले सेल जाड असतात आणि जुन्या खोक्यात क्वचितच मावतात. ९.६ व्होल्टला नेहमीचं लिथियम कुठल्याच आकड्यात नीट बसत नाही, तिथे प्रश्न ७ मधला हायड्राइडच.

सेल जास्त करंटचे हवेत, सतत २० अँपिअर देणारे, आणि जागा असेल तर दोन-दोन समांतर. १८६५० ची लांबी ६५ मिलिमीटर आहे, सब-सी ४३ चा. मुठीत शिरणारा दांडा असलेल्या पॅकमध्ये ही अडचण होते, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या नळकांड्या करून खोक्यात मांडून बघा.

बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणारा, बीएमएस (सेलवर नजर ठेवून धोका दिसला की करंट कापणारं सर्किट) हवाच. चार्जर त्याच व्होल्टेजचा लिथियमचा: तीन सेलना १२.६, चारला १६.८, पाचला २१. जुना चार्जर त्याच दिवशी घराबाहेर काढा. तुम्हाला माहीत असतं, पण पोरगा किंवा कामावरचा नवा माणूस तोच पॅक त्याच खाचेत बसवतो, कारण तो अजूनही तिथे बसतो.

१२. लिथियम केल्यावर ट्रिगर दाबला की मशीन झटकन बंद पडतं. बीएमएस खराब आहे का?

बहुतेक वेळा लहान आहे. ट्रिगर दाबताक्षणी आणि बिट अडकल्यावर मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. २० अँपिअरचा बीएमएस तिथे कापणारच. ४० च्या खालचा घेऊ नका.

पॅक भरलेला असताना फक्त बिट अडकल्यावर बंद पडत असेल तर करंटचं कारण. निम्म्यावर आल्यावर साध्या कामातही पडत असेल तर एखादा सेल लोडवर झोपतोय किंवा वायर बारीक आहे, आणि बीएमएस व्होल्टेज पाहून कापतोय. त्याला दोष देऊ नका, तो आपलं काम करतोय. कापल्यावर काही बीएमएस ट्रिगर सोडला की परत सुरू होतात, काहींना क्षणभर चार्जर दाखवावा लागतो.

१३. जुन्या लॅपटॉपमधले किंवा पॉवर बँकेतले सेल आहेत, फुकट. वापरू?

टॉर्चला वापरा. ते सावकाश करंट देण्यासाठी बनलेले असतात. ड्रिलमध्ये तापतात, व्होल्टेज कोसळतं, आणि मग लोक प्रश्न १२ विचारतात.

१४. माझा पॅक मूळचाच लिथियम आहे. वर्षभर पडून होता, आता चार्जर लाल दिवा मारतो.

आधी आकड्याचा गोंधळ: ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि १८ व्होल्ट एकच, दोन्हीत पाच सेल एकापुढे एक. ‘१२ मॅक्स’ म्हणजे १०.८, तीन सेल.

उघडून प्रत्येक सेल मोजा. सगळे अडीचच्या वर असतील तर बेंच सप्लायने अगदी हळू, ०.१ अँपिअरने, तीनपर्यंत आणून मूळ चार्जरला द्या. जो सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलाय त्याला उठवू नका. आतलं तांबं विरघळून चार्ज करताना पुन्हा बसतं आणि आतून शॉर्ट करतं. काही पॅकची सर्किट एकदा कुलूप लागल्यावर नवे सेल घातले तरी उघडत नाहीत. अशा वेळी नवा पॅकच.

१५. वेल्डिंग मशीनने झटका दिला की मेलेला सेल जिवंत होतो म्हणतात. खरं का?

निकेल-कॅडमियममध्ये काही दिवसांपुरतं खरं. आतल्या पडद्यातून सुईसारखे स्फटिक वाढून सेल शॉर्ट होतो, झटक्याने ती सुई जळते. पडद्याचं भोक मात्र तसंच राहतं आणि तिथूनच पुन्हा वाढ होते. वेल्डिंग मशीनचा करंट आवरत नाही, सेल फुटून अल्कली डोळ्यात जाऊ शकतं. लिथियमवर हा प्रयोग म्हणजे आग.

१६. दुकानातच वापरतो. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी वायरने जोडली तर?

१२ व्होल्टच्या मशीनला उत्तम आणि स्वस्त, हा पर्याय लोक उगाच विसरतात. मेलेल्या पॅकचं रिकामं खोकं कनेक्टर म्हणून वापरा. वायर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, लांबी दीड मीटर. जाऊन-येऊन तीन मीटर तारेत २० अँपिअरला पाव व्होल्ट पडतो. घरातली १ चौरस मिलिमीटरची घातली तर पूर्ण एक व्होल्ट तिथेच जातो आणि वायर कोमट होते. बॅटरीच्या टोकाजवळच ३० अँपिअरचा गाडीचा फ्यूज घाला.

१७. पूर्ण उतरवूनच चार्ज करायचा ना? ‘मेमरी’ असते म्हणे.

ट्रिगरला रबर लावून मशीन थांबेपर्यंत फिरवणं हा पॅक मारायचा खात्रीचा मार्ग आहे: सर्वात अशक्त सेल उलटा चार्ज होतो, जसं प्रश्न ३ मध्ये बल्बवर दिसतं. जोर कमी झाला की थांबा आणि चार्ज करा. ‘मेमरी’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा जास्त चार्जिंगने आलेलं थकलेपण असतं.

कामावरून आलेला गरम पॅक अर्धा तास पंख्याखाली ठेवून मग लावा. एप्रिल-मे मध्ये टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. निकेल-कॅडमियम रिकामा ठेवला तरी चालतो, लिथियम निम्मा भरून ठेवावा. साधा हायड्राइड पडून पडून महिन्यात पाचवा हिस्सा किंवा जास्त गमावतो, तो वापराच्या आदल्या दिवशी भरा.

१८. खर्च बघता नवं मशीनच घ्यावं का?

दोन पॅक भरायचा खर्च तशाच ताकदीच्या नव्या लिथियम मशीनच्या निम्म्यावर गेला तर नवं घ्या. चक डगमगत असेल किंवा गिअर कुरकुरत असतील तर हिशोबही करू नका. धातूचे गिअर असलेलं जुनं दणकट मशीन असेल तर मात्र सेल घाला, आजच्या स्वस्तातल्या मशीनमध्ये ते वजन मिळत नाही.

१९. काढलेल्या सेलचं काय करायचं? भंगारवाला घेतो.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाहीत, त्या वेगळ्या गोळा करून बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यायच्या. देईपर्यंत टोकांना टेप लावून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. फुगलेले लिथियम सेल पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर. फाउंड्रीच्या गावात वाळूला तोटा नाही.

शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्रीतल्या मंडळींसाठी खास: सब-सीचा डबा लोखंडी असतो, त्यामुळे तो चुंबकाला लागतो आणि भंगाराच्या ढिगातून भट्टीत जाऊ शकतो. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) १२०० च्या पुढे असतं. सेल भट्टीत पडला की कॅडमियमची वाफ तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाते. मूठभर सेल असले तरी स्क्रॅपच्या गाडीत टाकू नका.